फुगवण

पलूसला एसटी स्टँडसमोर माझं दुकान. मगदूम मेडिकल.
रात्री साडेनऊला शटर अर्धं ओढलं की तो येतो,
वाकून.
पावणेसहा फुटी गडी, कान चुरगळलेले,
आणि आवाज मात्र उधारी मागणाऱ्याचा :
"अण्णा, ते."

मी 'ते म्हणजे काय' विचारत नाही.
खोकल्याच्या बाटल्यांमागून काढतो,
वर्तमानपत्रात गुंडाळतो. बिल नाही.
मी दिवस मावळल्यावर जेवत नाही,
पाणी गाळून पितो, काउंटरवरची मुंगी
फुंकर घालून बाजूला करतो.
या सगळ्यात ती बाटली कुठं बसते,
हा हिशेब मी पुढच्या पानावर ढकलत आलोय.

एकदाच म्हणालो, "दिग्विजय, पाठ बघ की आरशात.
नुसतं पुरळ. वस्तादांना कळलं तर?"
हसला.
"वस्तादांनी चिठ्ठी लिहून दिली नाही, एवढंच.
अण्णा, तुमच्या बागेतले घड जीएत बुडवता का नाही?
मणी बारीक असला तर व्यापारी
गाडीतून पाय खाली ठेवत नाही.
मग मला बघायला कोण उतरंल?"

माझी दीड एकर थॉमसन आहे. काय बोलणार?
बादलीत घड बुडवून बुडवून
संध्याकाळी बोटं आखडतात,
त्याची फी मी कुणाला विचारली नव्हती.

चैत्रात जत्रेचं मैदान.
हलगी अशी की छातीतली बरगडी मोजून घ्यावी.
समोर तौफिक मुलाणी. याचा बाप
द्राक्षाच्या मांडवाचे अँगल वेल्डिंग करतो,
माझ्या बागेतलेही त्यानंच केलेत.
अकरा मिनिटं चालली.
तौफिकनं पट काढला, काय सफाई!
म्हातारे उठून उभे राहिले,
आणि दिग्विजय हललाच नाही.
पुरलेल्या खांबाचा पट काढावा तसं झालं.
मग त्यानं तौफिकला उचललं. त्यात डाव नव्हता.
पोतं उतरवतात तसं
उताणं ठेवलं मातीत.

मी टाळ्या वाजवल्या.
पाचशे एक जाहीर केले.
निवेदकानं मगदूम मेडिकलचं नाव दोनदा घेतलं.

सोमवारी तौफिक आला.
भर दुपारी, शटर पूर्ण वर, दोन बायका
लेकराच्या तापाचं औषध घेत असताना.
"त्याला देता ते मलापण द्या."
"कुणाला?"
"अण्णा, अकरा मिनिटं अंगाला अंग लावलंय.
गेल्या पौषात धरला तवा माणूस होता.
आता कातड्याखाली दुसरंच कोणतरी हाय.
तुमी नाव नका सांगू. मला हातानं कळतंय."

बायका गेल्या. पंखा फिरत राहिला.
"मला नको हाय ते," तो म्हणाला,
"आईशप्पथ नको हाय.
पण आता मला नको असून चालतंय व्हय?"

तेव्हा सुचलं मला, दिग्विजयला द्यायचं उत्तर.
घडाला दुसऱ्या घडाशी सलामी घालायची नसते.
एवढं साधं. महिनाभर उशिरानं,
आणि भलत्याच पोरासमोर.

"संपलंय," मी म्हणालो.
चोवीस वर्षांच्या धंद्यात
पहिल्यांदा गिऱ्हाईक परत पाठवलं,
तेही खोटं बोलून.
त्यानं माझ्या खांद्यावरून
खोकल्याच्या बाटल्यांकडं बघितलं.
रस्त्यापलीकडं नवीन मेडिकल झालंय, त्याला माहीत होतं.
मलाही.

जाता जाता दारातल्या वजनकाट्यावर चढला.
नाणं टाकलं. दिवे लाल-हिरवे पळाले.
चिठ्ठी बाहेर आली ती त्यानं वाचली नाही,
काट्यावरच ठेवून गेला.

एकोणऐंशी किलो चारशे.
मागं भविष्य छापलेलं असतं, ते मी बघितलं नाही.
एकोणऐंशी किलो चारशे ग्रॅम,
त्या दुपारपर्यंत
सगळं त्याचं.